परक्या माणसाचे तिकीट: मुंबईत पाहुणा एकटा कसा फिरू लागला?

१/
२०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असताना रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. १९६४ साली बंद झालेल्या ट्रामची ती खूण डांबराखाली तशीच पडून होती. आज त्या चौकातून असंख्य माणसे जातात. त्यांतील कितीतरी जण शहरात नवखे असतात. तरीही कोणाची मनधरणी न करता, घासाघीस न करता ती हव्या त्या ठिकाणी पोहोचतात. ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते की तिलाही इतिहास असेल, असे मनात येत नाही. आजचा धागा त्या इतिहासाचा. 🧵

२/
अनोळखी शहरात एकट्याने फिरायचे, तर चार गोष्टी लागतात: ठरलेला मार्ग, ठरलेला थांबा, ठरलेली वेळ आणि ठरलेले भाडे. मुंबईला या चारही गोष्टी १८५३ ते १९२६ या काळात टप्प्याटप्प्याने मिळाल्या. त्या जिथे नव्हत्या, तिथे प्रवाशावर कोणती वेळ येत असे, याची साक्ष एका थोर माणसाने स्वतःच्या अनुभवातून लिहून ठेवली आहे. त्या साक्षीकडे आपण धाग्याच्या मध्यावर येऊ. आधी जुनी मुंबई पाहू.

३/
मुंबई मुळात सात बेटांची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही कुलाबा आणि माहीम ही दोन टोके भरती-ओहोटीच्या लहरीवर अवलंबून होती. कुलाब्याचा बांध १८३८ साली झाला आणि माहीम-वांद्रे यांना जोडणारा बांध १८४५ साली. म्हणजे त्याआधी शहरात आलेल्या पाहुण्याला 'किती वाजता निघू?' या प्रश्नाचे उत्तर घड्याळापेक्षा समुद्राकडे पाहून शोधावे लागे. बांध झाले आणि चालण्याची वाट पक्की झाली. वाहनाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

४/
वाहने होती. श्रीमंतांसाठी पालख्या, घोड्यांच्या बग्ग्या, शिग्राम. सामान्यांसाठी बैलांचे रेकले आणि बहुतेकांसाठी स्वतःचे पाय. स्वतःचे वाहन नसेल, तर ते भाड्याने घ्यावे लागे आणि भाडे म्हटले की बोलणी आली. बोलीभाषा, पेहराव, अंगावरचे दागिने, हातातले गाठोडे, चेहऱ्यावरचा गोंधळ या सगळ्याकडे पाहून गाडीवान भाव सांगे. शहर ठाऊक असलेला माणूस तो खाली आणू शके. नवख्याला अंतरच माहीत नसे. तो कशाच्या आधारावर घासाघीस करणार?

५/
१८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. एखाद्या शहरावर मराठीत लिहिलेला हा पहिला मोठा ग्रंथ. त्या वर्षी अशा पुस्तकाची गरज भासावी, यातच बरेच काही आले. कोटाच्या भिंती पाडायला याच दशकात सुरुवात झाली, कापसाच्या व्यापाराने पैसा ओसंडत होता आणि शहरात येणाऱ्यांची रीघ लागली होती. या नव्या माणसांना शहर समजावून सांगणे आवश्यक झाले होते.

६/
पण ग्रंथ विकत घेऊन वाचणारे थोडे. कोकणातून गलबताने किंवा आगबोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाचा मार्गदर्शक म्हणजे आधी आलेला गाववाला. तो न्यायला आला, तर शहर आपले. तो आला नाही, तर शहर परके. नातेवाईक, जातभाई, गावकरी यांच्या साखळीतूनच माणूस शहरात शिरत असे. ही साखळी मायेची होती, तशीच बांधून ठेवणारीही होती. तिच्याबाहेर पाऊल टाकायचे, तर शहरात परक्यासाठी खुली असलेली एखादी सोय हवी होती.

७/
तशी पहिली मोठी सोय आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि तीन इंजिने. हा तपशील शाळेच्या पुस्तकात असतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काय घडले? भाडे छापील झाले, वेळ छापील झाली आणि प्रवासाला 'तुम्ही कोण?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेनासे झाले. खिडकीतला माणूस फक्त दोन गोष्टी विचारी: कुठे जायचे आणि कोणत्या वर्गाने.

८/
जातिबंधनांमुळे हिंदी लोक एका डब्यात बसणार नाहीत, असे भाकीत त्या काळी अनेकांनी केले होते. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाचे डबे तुडुंब भरून वाहू लागले. रेल्वेने वर्ग पाडले ते पैशाच्या हिशेबाने. त्यात विषमता होतीच आणि तिसऱ्या वर्गाचे हाल हा पुढे स्वतंत्र तक्रारीचा विषय झाला. पण त्या डब्यात शिरायला जातीचा दाखला लागत नव्हता. पैसे देणाऱ्याला तिकीट मिळत होते.

९/
१२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी रोज एक गाडी जाऊ-येऊ लागली. पश्चिम रेल्वेवरील उपनगरी वाहतुकीची ही सुरुवात. तरीही नवख्याची अडचण अर्धीच सुटली होती. रेल्वे त्याला स्थानकापर्यंत आणून सोडी. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की पुन्हा तोच गाडीवान, तेच बोलणे, तीच घासाघीस. शहराच्या पोटातला प्रवास अजून ठरलेल्या भाड्याचा झाला नव्हता.

१०/
तो झाला ९ मे १८७४ रोजी. घोड्यांची ट्राम सुरू झाली ती दोन मार्गांवर: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुनी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुनी. एका किंवा दोन घोड्यांनी ओढलेली, लोखंडी रुळांवरून जाणारी ही गाडी रेकल्यासारखी धक्के देत नसे. सेवा चालवणाऱ्या कंपनीच्या तबेल्यात त्या वेळी ९०० घोडे होते, असे सांगितले जाते. मार्ग जमिनीतच रोवलेला असल्यामुळे नवख्याला एक विलक्षण खात्री मिळाली: गाडी भलतीकडे जाऊच शकत नाही!

११/
कुलाबा ते पायधुनी भाडे होते तीन आणे. कष्टकऱ्याला सहज परवडावी अशी ही रक्कम नव्हती. गंमत म्हणजे सुरुवातीला तिकीटच दिले जात नसे. पैसे घ्यायचे आणि बसू द्यायचे. ट्राम लोकप्रिय झाली, तसे भाडे दोन आण्यांवर आले. मग फुकट्या प्रवाशांची संख्या वाढली आणि त्याच वर्षी तिकिटे सुरू करावी लागली. मुंबईतल्या ट्रामचे तिकीट जन्माला आले ते असे, चोरी थांबवण्यासाठी.

१२/
पण त्या कागदाच्या तुकड्याने नकळत आणखी एक काम केले. पैसे दिल्याचा पुरावा प्रवाशाच्या हातात आला. 'मी भाडे भरले आहे, मला बसण्याचा हक्क आहे' हे सांगायला आता मोठ्या आवाजाची, ओळखीची किंवा प्रतिष्ठेची गरज राहिली नाही. गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आणि कालच गावाहून आलेला, दोघांच्या हातात एकाच किमतीचे तिकीट. परक्या माणसाला शहराने दिलेली ही पहिली सनद म्हणायला हरकत नाही.

१३/
यात अतिशयोक्ती वाटत असेल, तर आता मुंबईबाहेर जाऊ. जिथे रेल्वेचे तिकीट होते, पण स्थानकाबाहेर ठरलेल्या भाड्याचे वाहन नव्हते, अशा दोन ठिकाणी. साक्ष आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी आपल्या प्रवासातले अनुभव नोंदवले आहेत. त्यांतले दोन थेट आपल्या विषयाचे आहेत: पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला स्थानिक वाहन मिळण्याविषयीचे.

१४/
पहिला अनुभव १९०१ सालचा. कुटुंब साताऱ्यात राहत होते. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते (मुंबईचे गोरेगाव नव्हे). सुट्टीत वडिलांकडे जायला भीमराव, त्यांचे मोठे भाऊ आणि दोन भाचे नवे कपडे घालून मोठ्या हौसेने रेल्वेने निघाले. जवळचे स्थानक मसूर. तिथे मुले उतरली. मुलांचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्थानकावर फक्त ही चार मुले उरली.

१५/
स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांचे कपडे पाहून त्यांनी ती ब्राह्मणांची असावीत असा समज करून घेतला होता. आपण महार असल्याचे मुलांनी सांगताच त्यांचा चेहरा बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण विटाळाच्या भीतीने एकही गाडीवान न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊ केले, तरीही नाही. शेवटी तडजोड निघाली: भाडे दुप्पट, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार.

१६/
रात्रभर त्यांना वाटेत कोणी पाणी दिले नाही. सोबत अन्न होते, पण पाण्यावाचून ते खाता आले नाही. दुसऱ्या दिवशी मुले गोरेगावला पोहोचली. आता या प्रवासाचे दोन भाग वेगळे करून पाहा. साताऱ्याहून मसूरपर्यंत छापील भाड्याचा प्रवास: मुले इतरांसारखीच प्रवासी होती. मसूरपासून पुढे बोलीच्या भाड्याचा प्रवास: भाव दुप्पट झाला आणि वाहनापेक्षाही आधी जात विचारली गेली.

१७/
दुसरा अनुभव १९२९ सालचा. आता बाबासाहेब बॅरिस्टर होते, परदेशातील विद्यापीठांच्या उच्च पदव्या मिळवलेले होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. खानदेशातील एका गावच्या सामाजिक बहिष्काराची चौकशी आटोपून ते चाळीसगावला परतले. तेथील महारवाड्यातील लोकांनी त्यांना एक रात्र राहण्याचा आग्रह केला होता. स्थानकावर टांगे उभे होते. तरीही त्यांना सुमारे तासभर थांबावे लागले.

१८/
अखेर टांगा आला. निघून थोडे अंतर जाते न जाते, तोच तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. भाड्याने रोज टांगा हाकणारा माणूस इतका अननुभवी कसा, याचे बाबासाहेबांना नवल वाटले. पुढे नदीवरचा फरसबंद पूल लागला. तिथे चाक अडकले, बाबासाहेब उडून दगडी फरशीवर पडले. घोडा आणि टांगा नदीत गेले. त्यांचा पाय मोडला आणि अनेक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

१९/
खुलासा नंतर झाला. स्थानकावरील टांगेवाल्यांनी अस्पृश्याचे सारथ्य करायला नकार दिला होता. आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे महारवाड्यातील लोकांना सहन होईना. तेव्हा टांग्याच्या मालकाने टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा नाही, असे ठरले. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने याआधी टांगा कधी हाकला नव्हता. बाबासाहेबांनी याचा अर्थ स्पष्ट शब्दांत नोंदवला आहे: साधा टांगेवालाही स्वतःला कोणत्याही अस्पृश्याहून श्रेष्ठ समजतो, मग तो अस्पृश्य बॅरिस्टर का असेना.

२०/
एक मुद्दा इथे नीट ध्यानात घ्यायला हवा. मसूरला बैलगाड्या होत्या, चाळीसगावला टांगे होते. वाहनांचा तुटवडा नव्हता. पैसेही होते, किंबहुना जास्त पैसे देण्याची तयारी होती. मग उणीव कशाची होती? वाहन नेणाऱ्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क नसावा, या नियमाची. सार्वजनिक वाहतुकीचे मर्म या नियमात आहे; चाके, रूळ आणि इंजिन त्यानंतर येतात.

२१/
याचा अर्थ मुंबई तेव्हा समतेचे नंदनवन होती, असा कोणी काढू नये. चाळींत, पाणवठ्यांवर, खानावळींत, गिरण्यांच्या काही खात्यांतही जातिभेद पाळला जात होता. शिवाय बहुसंख्य गिरणी कामगार कामावर पायीच जात. ट्रामचे भाडे रोज परवडणारे नव्हते आणि गिरणगाव म्हणूनच गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात वसले. मात्र ज्याने ट्रामचे पैसे दिले, त्याला घेऊन जायचे की नाही हा निर्णय गाडी हाकणाऱ्याच्या मर्जीवर राहिला नव्हता. हा फरक लहान वाटतो. चाळीसगावच्या पुलावरून पाहिला की तो किती मोठा होता ते कळते.

२२/
आता पुन्हा मुंबईत. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम महापालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटकडे धावली आणि पुढे घोडे इतिहासजमा झाले. १९२० साली दुमजली ट्राम आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हार्बर मार्गावरची विजेची पहिली लोकल निघाली. १९२८ च्या जानेवारीत पश्चिमेकडे कुलाबा-बोरिवली मार्गही विजेवर आला. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली.

२३/
१९३७ साली दुमजली बस, १९४० साली कुलाबा ते माहीम मोजके थांबे घेणारी 'लिमिटेड' बस आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, संपूर्ण 'बेस्ट' महापालिकेच्या मालकीची झाली. वाहतूक आता कंपनीच्या नफ्याचा विषय राहिली नाही. ती नगरसेवकांच्या सभागृहात चर्चेचा विषय झाली. भाडे किती असावे, यावर नागरिकाला आपल्या प्रतिनिधीमार्फत बोलता येऊ लागले.

२४/
प्रवासी नवखा असेल तर त्याला वाचता यावे, अशी चिन्हेही हवीत. बेस्टच्या बसच्या कपाळावर देवनागरी आकडे झळकतात. लिमिटेडचा आकडा पूर्वी लाल असे. अक्षरओळख बेताची असली, तरी आकडा ओळखता येतो आणि आकडा ओळखला की मार्ग सापडतो. आत कंडक्टर: पूर्वी पंचाची टकटक असे, 'पुढे सरका'चा पुकारा, एक घंटा थांबण्याची आणि दोन घंटा निघण्याच्या. 'माझा स्टॉप आला की सांगा हो' हे वाक्य उच्चारून किती पिढ्यांनी हे शहर शिकून घेतले असेल!

२५/
मसूर आणि चाळीसगाव यांचे उत्तर कायद्यात यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १९ ने नागरिकाला भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला. मग १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. हाच कायदा पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला.

२६/
३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. निरोप द्यायला दुतर्फा गर्दी लोटली होती. ट्राम गेली, पण नाव राहिले. आजही माणसे 'दादर टीटी'ला उतरतात. त्यातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. दरवाजा नाही तरी चर्चगेट आहे, तलाव नाही तरी धोबीतलाव आहे. मुंबईत पत्ता विचारणे म्हणजे नाहीशा झालेल्या गोष्टींच्या खुणेवर चालणे. नवख्याने याला घाबरू नये. यातच शहराचा इतिहास फुकट शिकायला मिळतो.

२७/
स्थानकांची नावे हीही एक वंशावळच. ग्रँट रोड, रे रोड, सँडहर्स्ट रोड ही मुंबईच्या गव्हर्नरांची नावे. व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' जोडले गेले. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ साली प्रभादेवी झाले. म्हणून जुना मुंबईकर 'व्हीटी' म्हणतो, फलक 'सीएसएमटी' म्हणतो आणि त्याहून जुना माणूस 'बोरीबंदर' म्हणतो. पाहुण्याने तिन्ही नावे लक्षात ठेवावीत. जागा एकच आहे.

२८/
पाहुण्याला गोंधळात टाकणारा आणखी एक प्रश्न: दक्षिण मुंबईत रिक्षा का दिसत नाही? कारण रिक्षांना शहराच्या बेटावर परवानगी नाही. पश्चिमेला वांद्र्यापलीकडे, पूर्वेला शीवच्या आसपास त्यांची हद्द संपते आणि टॅक्सीची सुरू होते. नकाशावर पाहा: साधारण याच रेषेवर जुने मुंबई बेट संपून साष्टी बेट सुरू होत असे. खाड्या बुजल्या, बांधांचे रस्ते झाले, पण बेटांची सीमा रिक्षावाल्याच्या परवान्यात अजून शिल्लक आहे.

२९/
रिक्षा-टॅक्सीचा मीटर हाही याच कथेचा भाग. बोलीच्या भाड्याला ठरलेल्या भाड्याची शिस्त लावणारे ते यंत्र. त्याला जोड मिळाली ती कायद्याची: मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार रिक्षा-टॅक्सीचालकाने विनाकारण भाडे नाकारणे दंडनीय आहे. रस्त्यावर उभे राहून 'जवळचे भाडे नको' हे उत्तर ऐकलेल्या प्रत्येकाला या तरतुदीचे मोल आणि तिच्या अंमलबजावणीतली उणीव, दोन्ही ठाऊक असतात.

३०/
तिकिटाने दार उघडले, तरी आत उभे राहायला जागा मिळेलच असे नाही. गर्दीच्या वेळी हे स्त्रियांइतके कोणाला कळणार? ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठी लोकल सुरू झाली. ठरलेल्या भाड्याइतकीच सुरक्षित जागाही हक्काची असते, हे मान्य करायला पहिल्या रेल्वेनंतर जवळपास १४० वर्षे लागली.

३१/
आज २०२५ साली पूर्ण झालेली भुयारी मेट्रो सीएसएमटीहून काळबादेवीकडे जाते. १८७४ च्या ट्रामची सुरुवातीची वाट हीच होती. घोडे वर होते, गाडी आता खाली आहे. जुन्या डिझेल दुमजली बसने सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेतला, विजेच्या दुमजली बस त्याच वर्षी आल्या. आणि एक योगायोग: बेस्टचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले ते ९ मे २०२५ रोजी, पहिल्या ट्रामला बरोबर १५१ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी.

३२/
भाडेवाढीचे अर्थकारण हा वेगळा विषय. पण जेव्हा बस थांब्यावर वेळेवर येत नाही, तेव्हा माणूस मोबाईलवरच्या टॅक्सीकडे वळतो. तिथे भाडे मागणीनुसार क्षणोक्षणी बदलते आणि चालक फेरी रद्दही करू शकतो. मसूरच्या गाडीवानाशी याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तिथे नकार जातीचा होता. परंतु ठरलेले भाडे आणि नाकारता न येणारा प्रवासी, ही दोन तत्त्वे यंत्राबरोबर आपोआप येत नाहीत, हे यातून कळते. ती समाजाने आग्रहाने सांभाळावी लागतात.

३३/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या नव्या शहरात उतराल, तेव्हा तिथली बस किंवा लोकल अवश्य पकडा. प्रेक्षणीय स्थळे शहराची श्रीमंती दाखवतात. परक्या माणसाला ते शहर कसे वागवते, हे मात्र थांब्यावरच्या फलकावर, कंडक्टरच्या उत्तरात आणि तिकिटावरच्या आकड्यात दिसते.

३४/
जुनी तिकिटे आणि बस-ट्रामची माहिती पाहायची असेल, तर आणिक आगारातील बेस्टचे संग्रहालय पाहा. आणि घरात ट्राम पाहिलेले कोणी आजी-आजोबा असतील, तर त्यांना आज एक प्रश्न विचारा: मुंबईत पहिल्यांदा एकट्याने कुठून कुठे गेलात आणि किती पैसे दिलेत? उत्तर इथे खाली लिहा. असा इतिहास कोणत्याही दप्तरात सापडत नाही. तो घरातच असतो.

धागा समाप्त. आवडला तर इतिहासवेड्या मित्रांपर्यंत पोहोचवा. 🙏